बेवारस कोणी ठरवले? मुंबईच्या १८३२ च्या दंगलीपासून सेलूच्या बसस्थानकापर्यंत, गल्लीतल्या भेदरलेल्या कुत्र्याचा इतिहास

१/
मराठी इतिहासातील कुत्रा म्हटले की रायगडावरचा वाघ्या आठवतो. त्याचे स्मारक १९३६ मध्ये इंदूरच्या होळकरांच्या देणगीतून उभे राहिले. समकालीन साधनांत वाघ्याचा उल्लेख सापडत नाही, म्हणून त्या स्मारकावर आजही वाद झडतात. सरकारी आदेश, दंगल, खटले, अर्जविनंत्या आणि न्यायालयीन निवाडे असा भरभक्कम पुरावा ज्याच्याविषयी उपलब्ध आहे, त्या कुत्र्याला मात्र नाव नाही. तो गल्लीत राहतो आणि समोरचा माणूस खाली वाकला की पळतो. हा थ्रेड त्याच्याविषयी आहे.

२/
रस्त्यावरच्या कुत्र्यासमोर कोणी चपलेचा बंद लावायला वाकला, तरी ते चार पावले मागे सरते. वाकलेला माणूस दगड उचलतो, हे त्याने अनुभवाने शिकलेले असते. शेपूट पोटाखाली, कान मागे, नजर माणसाच्या हातावर. ही भीती त्याचा उपजत स्वभाव आहे असे समजले जाते. प्रत्यक्षात तिला इतिहास आहे, आणि त्यातील महत्त्वाचे टप्पे महाराष्ट्रात आणि गोव्यात घडले आहेत.

३/
आधी शब्द पाहू. 'मोकाट' म्हणजे कोणीतरी सोडून दिलेला. 'भटका' म्हणजे ज्याला ठावठिकाणा नाही असा. 'बेवारस' म्हणजे ज्यावर कोणाचाच हक्क नाही असा. हा कचेरीतला शब्द. तिन्ही शब्द या प्राण्याचे चुकीचे वर्णन करतात. गल्लीतले कुत्रे सहसा भटकत नाही. त्याचा चौक, त्याचा उकिरडा, त्याची हद्द ठरलेली असते आणि हद्दीत शिरलेल्या परक्या कुत्र्याला ते हुसकावून लावते. जुना शब्द 'गावकुत्रे' अधिक नेमका होता. ते एका घराचे नव्हते, पण गावाचे होते.

४/
गावगाड्यात त्याचा वाटा ठरलेला नसला तरी गृहीत धरलेला असे. शिळी चतकोर भाकरी, ताटातले उष्टे. त्याबदल्यात रात्री भुंकणे आणि खळ्यावर राखण. श्राद्धातील पंचबलीतही गाय व कावळा यांच्यासोबत कुत्र्याचा घास काढला जातो. तरीही हे चित्र रंगवून सांगू नये. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळांना गावाबाहेर ठेवले आणि कुत्री व गाढवे हेच त्यांचे धन ठरवले. कुत्र्याविषयीची तुच्छता आणि माणसांविषयीची तुच्छता एकाच ओळीत लिहिली गेली. 'कुत्र्याची मौत' हा वाक्प्रचार त्याच मुशीतला.

५/
या तुच्छतेला संतपरंपरेने दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही कथा. परंपरेने नामदेवांचे गाव मानले जाणारे नर्सी आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ पर्यंत ते परभणी जिल्ह्यातच होते. कथेचा अर्थ सहसा भक्तीच्या अंगाने सांगितला जातो. पण कुत्र्याच्या बाजूने पाहिले तर प्रसंग वेगळा दिसतो. मागून धावत येणाऱ्या माणसाच्या हातात काठी नसून तूप आहे, हे त्या कुत्र्याला कळणार कसे? हाच प्रश्न पुढच्या सगळ्या इतिहासात पुन्हा पुन्हा येतो.

६/
परभणी जिल्ह्यातील सेलूचे नावही अशाच एका परंपरेशी जोडलेले आहे. सेलूचे गोपाळराव देशमुख उर्फ वेंकुशा हे शिर्डीच्या साईबाबांचे गुरू होते, अशी समजूत दासगणूंच्या लेखनातून रूढ झाली. त्या साईबाबांच्या चरित्रात, म्हणजे गोविंद रघुनाथ दाभोलकरांच्या 'श्रीसाईसच्चरिता'त, तर्खड कुटुंबातील बाईंची कथा आहे. शिर्डीत जेवणाच्या वेळी दारात आलेल्या भुकेल्या कुत्र्याला त्यांनी भाकरीचा तुकडा दिला, आणि तो घास आपल्याला पोचल्याचे बाबांनी सांगितले. नामदेवांच्या कथेतील कुत्रे पळते. या कथेतील कुत्रे थांबते आणि खाते. दारात उभे राहण्याची मुभा त्याला होती.

७/
थोडक्यात, जुन्या व्यवस्थेत गावकुत्र्याला धनी नव्हता, मान नव्हता, पण जागा होती. ती जागा कायद्याने काढून घेण्याचे काम मुंबईत झाले. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईत १८१३ च्या नियमानुसार उन्हाच्या महिन्यांत, म्हणजे एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, रस्त्यावरची कुत्री मारण्याची परवानगी पोलिसांना मिळाली. उष्म्याने कुत्री पिसाळतात अशी तेव्हाची युरोपीय समजूत होती. या नियमाने एक नवी कसोटी आणली. कुत्रे आजारी आहे का, हा प्रश्न मागे पडला. त्याला मालक आहे का, एवढाच उरला.

८/
१८३२ मध्ये उन्हाळ्यातील ही मुदत १५ जूनपर्यंत वाढवण्यात आली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे मिळत. अर्धा रुपया त्या काळी लहान रक्कम नव्हती. बक्षिसाच्या लोभाने पकडणाऱ्यांनी घरांच्या ओट्यांवरची आणि अंगणातली पाळीव कुत्रीही ओढून नेल्याच्या तक्रारी झाल्या. मोजणी मेलेल्या कुत्र्यांची होणार असेल, तर सर्वांत सोपे सावज कोणते? जे माणसाला घाबरत नाही ते. माणसावर विश्वास ठेवणारे कुत्रे आधी मरते, हा अशा मोहिमांचा अटळ परिणाम होता.

९/
याचा सर्वाधिक क्षोभ पारशी समाजात झाला. झरथुष्ट्री धर्मात कुत्र्याचे स्थान अनन्यसाधारण आहे. मृतदेहाला कुत्र्याची नजर दाखवण्याचा 'सगदीद' हा विधी अंत्यसंस्कारांचा भाग आहे. 'वेंदिदाद' या ग्रंथाच्या तेराव्या प्रकरणात गुरांची राखण करणारा, घराची राखण करणारा आणि मालक नसलेला अशा कुत्र्यांना वेगवेगळे गणून, त्यांना इजा करणाऱ्यास शिक्षा सांगितल्या आहेत. ज्या कुत्र्याला कंपनीचा नियम निर्धनी म्हणत होता, त्याला या धर्मशास्त्रात स्वतःचे कलम होते.

१०/
६ जून १८३२. तो दिवस पारशांसाठी पवित्र होता. कुत्री मारत फिरणाऱ्या दोन युरोपीय शिपायांवर फोर्ट भागात सुमारे दोनशे जणांचा जमाव चालून गेला आणि त्यांना मारहाण झाली. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली. पारशांसोबत जैन, हिंदू आणि इस्माइली व्यापारीही उतरले. गोऱ्या लष्कराला जाणारी रसद अडवण्यात आली. पाव, मांस, पाणी आणणारी माणसे देशी होती, आणि त्यांनी हात आखडता घेतला की छावणीची चूल विझते, हे त्या दिवशी सर्वांना दिसले.

११/
अखेर दंगलविरोधी कायदा वाचून दाखवण्यात आला, सैन्य आले, अटका झाल्या. इतिहासकार जेसी पालसेटिया यांनी २००१ मध्ये या घटनेवर स्वतंत्र शोधनिबंध लिहिला. कंपनीची मर्जी आणि स्वतःच्या समाजाचा धर्म यांच्यामध्ये उभ्या असलेल्या पारशी पुढाऱ्यांची कसरत त्यातून उलगडते. जमशेटजी जिजीभाई हे त्यांतील प्रमुख. रस्त्यावरची दगडफेक त्यांना परवडणारी नव्हती आणि कुत्र्यांची कत्तलही मान्य नव्हती. त्यांनी अर्जाचा मार्ग धरला.

१२/
तडजोड निघाली ती अशी: कुत्री मारू नयेत, शहराबाहेर न्यावीत. ही तडजोड लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण ती पुढे दोनशे वर्षे वेगवेगळ्या रूपांत परत येते. तिने जीव वाचला, पण मूळ कसोटी कायम राहिली. मालक नसलेल्या कुत्र्याला शहरात राहण्याचा अधिकार नाही, हे दंगल करणाऱ्यांच्या पुढाऱ्यांनीही एका परीने मान्य केले. वाद फक्त त्याला घालवायचे कसे, याचा उरला.

१३/
१८ ऑक्टोबर १८३४ रोजी जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने मुंबई पांजरपोळ स्थापन झाली. भुलेश्वरजवळची ही संस्था आजही आहे. रस्त्यावरून उचललेली कुत्री, डुकरे, पुढे गाईगुरे तिथे ठेवली जाऊ लागली. जीवदयेच्या इतिहासात हा मोठा टप्पा होता. मात्र पांजरपोळ म्हणजे आश्रय, पुनर्वसन नव्हे. आपल्या हद्दीतून उचलून अनोळखी शेकडो प्राण्यांत कोंडलेले कुत्रे जिवंत राहते, पण त्याची भीती जात नाही. उपचाराची शास्त्रशुद्ध व्यवस्था नंतर आली: १८८० च्या दशकात परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय, आणि १८८६ मध्ये त्याच परिसरात मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय.

१४/
माणसाची भीती खोटी होती का? मुळीच नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ निश्चित असतो. लुई पाश्चरने जुलै १८८५ मध्ये जोसेफ माइस्टर या मुलाला लस दिली, तोपर्यंत उपायच नव्हता. भारतात १९०० मध्ये कसौलीला पाश्चर संस्था सुरू झाली. तिथेच डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. 'पोटात चौदा इंजेक्शने' ही महाराष्ट्रातील घराघरांतली धास्ती त्याच लशीची. तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले. तीन पिढ्यांनी कुत्र्याची भीती त्या सुईच्या रूपाने ओळखली.

१५/
१९२६ मध्ये हा प्रश्न एका अनपेक्षित ठिकाणी पेटला. अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी गिरणीच्या आवारातली साठ कुत्री मारवली आणि महात्मा गांधींनी त्यांची बाजू घेतली. 'यंग इंडिया'तील त्यांच्या लेखमालेने अहिंसावादी वाचक हादरले. गांधीजींचे म्हणणे असे की रस्त्यावर भटकणारे उपाशी कुत्रे हे समाजाच्या बेफिकिरीचे लक्षण आहे. तुकडा फेकून पुण्य मिळवणे ही दया नव्हे. कुत्र्यांची जबाबदारी घ्या, नाहीतर दयाळूपणाचा आव आणू नका. त्यांचा उपाय आज पटो न पटो, प्रश्न त्यांनी नेमका विचारला. घास टाकणे आणि जबाबदारी घेणे यांत अंतर आहे.

१६/
जबाबदारीचा मार्ग कोणी दाखवेपर्यंत कत्तल चालूच राहिली. मुंबई महापालिका महालक्ष्मीच्या कोंडवाड्यात विजेच्या धक्क्याने कुत्री मारत असे. लहान गावांत विष घातलेले खाद्य टाकण्याचा मार्ग वापरला जाई. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही भटकी कुत्री मारण्याला अपवाद म्हणून मोकळीक होती. विषप्रयोगाचा एक परिणाम क्वचितच नोंदला जातो. जे कुत्रे माणसाच्या हातचे खाते, ते मरते. जे संशयाने दूर राहते, ते वाचते. म्हणजे मागे उरतात ती माणसाला सर्वाधिक घाबरणारी, हाती न लागणारी कुत्री.

१७/
एवढे करूनही कुत्री कमी का झाली नाहीत? कारण त्यांची संख्या अन्नावर आणि जागेवर ठरते. चौकातली चार कुत्री मेली, उकिरडा मात्र तसाच राहिला, की शेजारच्या गल्लीतली कुत्री तिथे येतात आणि उरलेल्यांची पिले अधिक संख्येने जगतात. नव्याने आलेली कुत्री एकमेकांना अनोळखी असतात, हद्दीसाठी भांडतात आणि त्यांना लस दिलेली नसते. मारण्याच्या मोहिमेने शांतता येत नाही. ओळखीच्या कुत्र्यांच्या जागी अनोळखी येतात.

१८/
पर्याय मद्रासमध्ये मांडला गेला. तिथल्या ब्लू क्रॉस संस्थेने १९६४ पासून कुत्र्यांची नसबंदी करून त्यांना मूळ जागी सोडण्याचा आग्रह धरला. महापालिकेने तो १९९६ मध्ये स्वीकारला. मुंबईत 'वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज' ही संस्था १९८५ मध्ये स्थापन झाली, आणि १९९४ मध्ये महापालिकेने सरसकट हत्या थांबवून नसबंदीचा मार्ग धरला. ज्या महालक्ष्मीच्या कोंडवाड्यात कुत्री मारली जात, तिथेच नसबंदीचे काम सुरू झाले. २००१ मध्ये केंद्र सरकारने देशभरासाठी प्राणी जन्मनियंत्रण नियम केले. पकडा, नसबंदी करा, लस टोचा आणि जिथून उचलले तिथेच सोडा, हा त्यांचा गाभा.

१९/
या नियमांचा कस गोव्यात लागला. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००८ मध्ये, गोव्यातील याचिकेसह, पालिकांना कुत्री मारण्याचा अधिकार असल्याचा निकाल बहुमताने दिला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. त्याच गोव्यात पुढे सरकार आणि 'मिशन रेबीज' यांनी गावोगाव जाळी घेऊन कुत्र्यांना लस टोचली आणि शाळांतून मुलांना शिकवले. सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हे त्यामागचे शास्त्र. तीन वर्षे रेबीजने एकही माणूस न दगावल्याने २०२१ मध्ये गोवा 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' घोषित झाला. देशात मात्र भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासानुसार वर्षाला अंदाजे ५,७२६ माणसे आजही रेबीजने मरतात.

२०/
लस टोचायची तर कुत्रे हाती लागले पाहिजे. इथे पुन्हा भीतीचा प्रश्न येतो. १९६१ मध्ये अमेरिकेतील फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंच कुंपणाच्या मैदानात पिलांना माणसाच्या सहवासाविना वाढवले. काहींना मधल्या आठवड्यांत एकेक आठवडा माणसांत आणले, काहींना १४ आठवड्यांपर्यंत नाही. ही शेवटची पिले माणसाला रानटी प्राण्यासारखी घाबरू लागली. त्यांना कोणी मारले नव्हते. केवळ ओळख न झाल्याने भीती पक्की झाली. जन्मानंतरचे पहिले तीन महिने ही कुत्र्याच्या विश्वासाची पायाभरणी असते.

२१/
भारतातल्या पिलाचे ते तीन महिने कसे जातात? कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत अनिंदिता भद्र यांच्या गटाने ९५ वेतांतील ३६४ पिलांचा मागोवा घेतला. सात महिन्यांपर्यंत जगली ती फक्त १९ टक्के. मृत्यूंपैकी ६३ टक्क्यांमागे माणसाचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हात होता: वाहने, मारहाण, विष, उचलून नेणे. याच गटाचा २०१७ चा निष्कर्ष याहून बोलका आहे. अनोळखी माणसाने वारंवार खाऊ दिला, त्यापेक्षा वारंवार कुरवाळले तेव्हा रस्त्यावरच्या कुत्र्यांचा विश्वास अधिक बसला. माणसांकडून सर्वाधिक मार खाणारा प्राणी माणसाच्या स्पर्शालाच सर्वाधिक किंमत देतो.

२२/
भेदरलेल्या कुत्र्याचे पुनर्वसन याच ज्ञानावर चालते. त्याच्यामागे धावायचे नाही, त्याला कोपऱ्यात गाठायचे नाही. कोपऱ्यात सापडलेले भित्रे कुत्रे चावते. रोज त्याच वेळी, त्याच जागी अन्न ठेवायचे आणि दूर व्हायचे. काही दिवसांनी तिथेच कुशीवर तोंड करून बसायचे, डोळ्यांत न पाहता. अंतर दिवसागणिक कुत्र्याने कमी करायचे, माणसाने नाही. पहिला स्पर्श डोक्यावर वरून नव्हे, छातीपाशी खालून. खरूज, जखमा, जंत यांवर उपचार, मग लस व नसबंदी. याला आठवडे लागतात, कधी महिने. एकदा ओरडून हात उगारला की सगळे पहिल्यापासून.

२३/
शब्दही बदलत गेले. मार्च २०२३ मध्ये आलेल्या नव्या नियमांनी या कुत्र्यांना 'सामुदायिक प्राणी' म्हटले. दोनशे वर्षांनी कायदा 'गावकुत्रे' या कल्पनेच्या जवळ आला. मग २०२५ मध्ये काटा पुन्हा हलला. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री निवाऱ्यांत नेण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो सौम्य केला: नसबंदी व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावे, रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्री वगळून. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री निवाऱ्यांत हलवावीत, परत तिथे सोडू नयेत, असा आदेश झाला.

२४/
या आदेशामागे चावा घेतलेल्या मुलांचे रक्त आहे, हे विसरून चालणार नाही. रेबीजचा बळी बहुधा गरिबाघरचा असतो. त्याला वेळेत लस मिळालेली नसते. म्हणून चावा बसताच जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठणे याला पर्याय नाही. पण इतिहासाचा विद्यार्थी १८३२ ची तडजोडही विसरू शकत नाही. मारू नका, बाहेर न्या. कुठे न्या, किती दिवस ठेवा, कोण सांभाळणार, आणि रिकाम्या झालेल्या जागी कोण येणार, हे प्रश्न तेव्हाही तडजोडीच्या पलीकडे राहिले होते.

२५/
१८१३ आणि १८३२ चे मुंबईचे नियम सेलूला कधी लागू नव्हते. सेलू निजामाच्या राज्यात होते आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तिथेच राहिले. मुंबईत निर्माण झालेला 'बेवारस कुत्रा' मराठवाड्यात नगरपालिकांच्या मार्फत उशिरा पोचला. आज मात्र एकच आदेश दोन्हीकडे चालतो. मनमाड–सिकंदराबाद मार्गावरचे सेलूचे रेल्वे स्थानक, तिथले बसस्थानक, शाळा, रुग्णालय, सगळी त्या यादीत बसतात. तालुक्याच्या गावात ही ठिकाणे वगळली तर गावकुत्र्याला उरते काय? परभणीला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. ज्ञान आणि हात जिल्ह्यातच आहेत. उत्तर त्यांच्या, नगरपालिकेच्या आणि रोज भाकरी टाकणाऱ्या माणसांच्या एकत्र येण्यावर ठरेल. गांधीजींनी विचारलेली जबाबदारी ती हीच.

२६/
शेवटी एक पुरावा, जो प्रत्येकाला स्वतः वाचता येईल. नसबंदी व लसीकरण झालेल्या कुत्र्याच्या कानाचे टोक भूल दिलेली असतानाच खाच पाडून कापतात. ती खाच म्हणजे एक लहानसे दफ्तर आहे. कोणीतरी या कुत्र्याला पकडले, उपचार केले, खाऊ घातले आणि त्याच्याच जागी परत आणून सोडले, एवढे त्यात नोंदलेले असते. आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांचे कान पाहावेत. किती कानांना खाच आहे आणि किती अजून कोऱ्या आहेत, हे मोजले की गावाने गेल्या दोनशे वर्षांत नेमकी कोणती बाजू घेतली, ते कळते. मोजताना फार खाली वाकू नये. त्यांना अजून दगड आठवतो.